टिचकी आणि कोपऱ्याचा केक

टेका डोकं. असं. डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, गोष्ट दोन्हीकडून दिसते.

आपण जाऊ लांब. पार समुद्राच्या पल्याड. तिथे ऑस्ट्रेलिया नावाचा देश आहे. आपण इथे घामानं भिजतो, तेव्हा तिथे लोक शाल घेतात. आपण शाल घेतो, तेव्हा तिथे आंबे पिकतात. सगळं उलटं. पण पाखरं तशीच. आणि आयाही तशाच.

त्या देशात एक गाव. एका बाजूला निळा समुद्र. एका बाजूला निळा डोंगर. मधे मेबलआजीचं पत्र्याचं घर. घराला खिडकी. खिडकीशी झुडूप. झुडपात घरटं.

घरट्यात राहायची टिचकी.

टिचकी म्हणजे पाखरू. केवढं? अंगठ्याएवढं. शेपूट उभी. चोच पुढे. चालायची कशी? टुपुक टुपुक. उडायची कशी? फुर्र.

टिचकीला एक पिल्लू होतं. एकच. उद्या ते पहिल्यांदा उडणार होतं. पण त्याला वाटायची भीती. ते घरट्याची कड धरून बसायचं. खाली बघायचं. डोळे मिटायचं. पुन्हा बघायचं.

टिचकीनं त्याला सांगितलं होतं, तू उडालंस की मेबलआजीचा केक. कोपऱ्याचा.

कोपऱ्याचाच का? कोपरा खरपूस लागतो म्हणून.

पिल्लानं विचार केला. मग म्हणालं, "उडेन. आधी केक दिसू दे."

आता मेबलआजीचं ऐका. उद्या गावात केकाचा सण होता. दर सणाला आजी केक भाजायची. मोठ्ठा चौकोनी केक. पिवळाधम्मक. त्याला कोपरे चार. त्यातला एक टिचकीचा. हे ठरलेलंच.

पण ह्या वेळी आजीच्या मनात नवीनच आलं. केक चॉकलेटच्या रसात बुडवायचा. गावात असं कुणी केलं नव्हतं.

केक आला भट्टीतून बाहेर. गरम. मऊ. ताजा ताजा. आजीनं एक कोपरा कापला. रसात बुडवला. बुडुक. खिडकीत ठेवला.

टिचकी आली. टुपुक टुपुक. तुकड्याला चोच लावली. आणि काय झालं? चोच चिकटली. वरची खालचीला. खालची वरचीला.

"उं," टिचकी म्हणाली.

डोकं इकडे हलवलं. उं. डोकं तिकडे हलवलं. उं उं. तुकडा होता ओला. तुकडा होता मऊ. तुकडा फुटला. भुस्स. खाली वाळूत पडला. मुंग्या आल्या. एक मुंगी, दोन मुंग्या, दहा मुंग्या.

गेला कोपरा.

मेबलआजीनं एप्रनच्या टोकानं टिचकीची चोच पुसली. मग बसली कपाळाला हात लावून. चॉकलेट चिकटतं. टिचकीची चोच चिकटली, उद्या पोरांची बोटं चिकटतील, बोटं केसांना चिकटतील. वरून कोरडं काहीतरी भुरभुरायला हवं.

आजी म्हणाली, "खोबऱ्याचा कीस हवा ग बाई. तू नारळ आण. मी कोपरा देते."

उरलेला केक तिनं पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवला. आत तीन कोपरे.

टिचकीनं घरट्याकडे बघितलं. पिल्लू कड धरून बसलं होतं.

मग टिचकी काय करणार? टुपुक टुपुक, फुर्र.

गावात नारळाचं झाड एकच. समुद्राकाठी. माड उंच. इतका उंच, की त्याचा शेंडा आधी जागा होई आणि पाय नंतर. शेंड्यावर एकच नारळ. सुका. तपकिरी. टिचकी बसली झावळीवर.

"माडदादा, माडदादा, नारळ दे.
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

माड म्हणाला, "देईन की. का नाही देणार? पण मला आहेत का हात? वारा हलवेल, तर नारळ पडेल. आधी वाऱ्याला सांग."

टिचकीनं नारळाला चोच मारून बघितली. टक. टक. नारळ हलला नाही. टिचकीच हलली.

मग टिचकी काय करणार? टुपुक टुपुक, फुर्र.

वारा कुठे होता? दरीत झोपला होता. गवतावर आडवा. सूंऽऽ सूंऽऽ. श्वास घ्यायचा तेव्हा गवत आत झुकायचं. श्वास सोडायचा तेव्हा गवत बाहेर झुकायचं. त्याच्या पोटावर बसला होता एक ढग. पांढरा. गुबगुबीत. उशीसारखा.

टिचकी वाऱ्याच्या कानाशी गेली. वाऱ्याचा कान कुठे असतो? जिथे गवत सगळ्यात जास्त हलतं, तिथे.

"वारेकाका, वारेकाका, माडाला हलव.
माड देईल नारळ,
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

वाऱ्यानं एक डोळा उघडला. तो म्हणाला, "हलवेन की. का नाही हलवणार? पण माझ्यावर बसलाय कोण, बघ. ढग उठेल, तर मी उठेन. आधी ढगाला सांग."

आणि पुन्हा झोपला. सूंऽऽ सूंऽऽ. टिचकीलाही जांभई आली. इवलीशी जांभई. तिळाएवढी.

पण झोपून कसं चालेल? टुपुक टुपुक, फुर्र.

टिचकी ढगात शिरली. आत सगळं पांढरं. पंख पांढरे. पाय पांढरे. वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. आवाज करावा तर आवाजही मऊ.

"ढगोबा, ढगोबा, वाऱ्यावरून ऊठ.
ढग उठेल, वारा उठेल,
वारा हलवेल माड,
माड देईल नारळ,
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

ढग जरा रागावलाच. म्हणाला, तो काय हौसेनं बसलाय? त्याला जायचंय समुद्रावर. समुद्रावर त्याची बहीण आहे, तिच्याकडे जायचंय. पण त्याच्या धोतराचा सोगा धरून ठेवलाय डोंगरानं. ओढून ओढून सोगा लांबला, पण सुटेना.

ढग म्हणाला, "उठेन की. का नाही उठणार? पण डोंगर सोडेल, तर मी उठेन. आधी डोंगराला सांग."

टिचकी ढगातून बाहेर आली. पंखांवर दहिवराचे थेंब. झटकले. टिप टिप टिप.

मग टिचकी काय करणार? टुपुक टुपुक, फुर्र.

डोंगर म्हातारा. फार म्हातारा. इतका, की आपलं वय मोजता मोजता तो मधेच विसरून जायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. त्याच्या मुठीत ढगाचा सोगा. घट्ट. आणि कानात? कानात झाडं उगवलेली. ऐकू येणार कसं?

"डोंगरआजोबा, डोंगरआजोबा, ढगाला सोड.
डोंगर सोडेल ढग,
ढग उठेल, वारा उठेल,
वारा हलवेल माड,
माड देईल नारळ,
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

"ऑं?" डोंगर म्हणाला.

टिचकी जवळ सरकली. पुन्हा सांगितलं. आता मोठ्यानं. तुम्ही पण सांगा तिच्याबरोबर.

"डोंगरआजोबा, डोंगरआजोबा, ढगाला सोड.
डोंगर सोडेल ढग,
ढग उठेल, वारा उठेल,
वारा हलवेल माड,
माड देईल नारळ,
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

आता कुठे डोंगराला ऐकू गेलं. तो हळूच हसला. दोन दगड घरंगळले. मग त्यानं सांगितलं, त्याला थंडी फार. पाठ गारठून जाते. ढग म्हणजे त्याची घोंगडी. घोंगडी कुणी सोडतं का थंडीत?

डोंगर म्हणाला, "सोडेन की. का नाही सोडणार? पण सूर्य पाठ शेकेल, तर मी सोडेन. आधी सूर्याला सांग."

टिचकीनं वर बघितलं. सूर्य कुठे होता? पार माळाच्या टोकाला. लाल झालेला. घरी निघालेला.

पळा, पळा. टुपुक टुपुक, फुर्र. टुपुक टुपुक, फुर्र.

माळावर कांगारू उभे होते. कान लाल. शेपट्या लाल. गवत लाल. त्यांच्या कानांमधून टिचकी उडत गेली. सूर्याचा एक डोळा मिटला होता. एक उघडा होता.

"सूर्यबाबा, सूर्यबाबा, डोंगराची पाठ शेक.
सूर्य शेकेल पाठ,
डोंगर सोडेल ढग,
ढग उठेल, वारा उठेल,
वारा हलवेल माड,
माड देईल नारळ,
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

सूर्य म्हणाला, आज आता नाही जमायचं, पाय दुखले. उद्या सकाळी समुद्रातून वर येईन. पण एक अडचण आहे. कुकाबुरा नावाचा पक्षी हसला, तर सूर्य खडखडीत जागा होतो. कुकाबुरा नाही हसला, तर नुसता पेंगत वर येतो. आणि पेंगणाऱ्या सूर्याला ऊब नसते. हल्ली कुकाबुरा हसतच नाही.

सूर्य म्हणाला, "शेकेन की. का नाही शेकणार? पण कुकाबुरा हसेल, तर मी जागा होईन. आधी कुकाबुराला सांग."

आणि दुसराही डोळा मिटला.

टिचकी घरी आली. पिल्लू वाट बघत होतं.

"आई, केक?"

"उद्या."

"मग उडणं पण उद्या," पिल्लू म्हणालं. म्हणता म्हणता आईच्या पंखाखाली शिरलं.

टिचकीच्या पोटात काही नव्हतं. सकाळपासून काही नव्हतं. पण तिनं पंख पसरला. पिल्लू झोपलं. ती पण झोपली. वारा दरीत झोपला. ढग वाऱ्यावर झोपला. माड उभ्या उभ्या झोपला.

झाली पहाट. आकाश राखाडी. समुद्र राखाडी.

टुपुक टुपुक, फुर्र.

कुंपणाच्या खांबावर बसला होता कुकाबुरा. कुकाबुरा माहीत आहे ना? मोठं डोकं, मोठी चोच, आणि हसायला लागला की सगळं रान हसतं. पण हा बसला होता मान आत घालून. पिसं फुगवून. रुसून.

का रुसला? जो येतो तो म्हणतो, हस. शेळी म्हणते हस. बेडूक म्हणतो हस. असं सांगून कुणाला हसू येतं का?

टिचकीला हे ठाऊक नव्हतं. ती आपली म्हणाली,

"कुकाबुराभाऊ, कुकाबुराभाऊ, हसून दाखव.
कुकाबुरा हसेल, सूर्य होईल जागा,
सूर्य शेकेल पाठ,
डोंगर सोडेल ढग,
ढग उठेल, वारा उठेल,
वारा हलवेल माड,
माड देईल नारळ,
नारळ मेबलआजीला,
मेबलआजी केक देईल मला,
मी देईन पिल्लाला."

कुकाबुरा हसला नाही. त्यानं मान आणखी आत घातली.

"केवढं लांबलचक," तो म्हणाला. "मला काही कळलं नाही. पुन्हा सांग."

टिचकी दमली होती. टिचकी भुकेली होती. तिच्या डोळ्यांसमोर माड आणि ढग आणि केक सगळं एकत्र तरंगायला लागलं. पण पिल्लू वाट बघत होतं. तिनं मोठा श्वास घेतला. तिच्या अंगात मावेल तेवढा मोठा. आणि म्हणाली,

"कुकाबुराभाऊ, कुकाबुराभाऊ, माडाला सोड.
माड शेकेल पाठ,
डोंगर देईल नारळ,
सूर्य उठेल, केक उठेल,
ढग हलवेल मेबलआजी,
मेबलआजी पडेल वाऱ्याला,
वारा खाईल मला,
मी…"

टिचकी थांबली. कुठेतरी चुकलं होतं. कुठे चुकलं, ते तिला कळेना.

कुकाबुराची मान थोडी वर आली.

"ढग काय करील?" त्यानं विचारलं.

"हलवेल," टिचकी म्हणाली.

"कुणाला?"

"मेबलआजीला."

कुकाबुराच्या घशात काहीतरी हललं. कुक्. त्यानं चोच मिटली. पुन्हा हललं. कुक् कुक्. त्याला दिसायला लागली मेबलआजी, झाडासारखी हलणारी. कुक् कुक् कुक्. आणि मग काही थांबेना. कू कू कू कू, का का का का, हा हा हा हा. खांब हलला. कुंपण हललं. शेळी हसली. बेडूक हसला. आपण का हसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

टिचकीही हसली. हसता हसता तिला उचकी लागली. हिक्.

कुकाबुरा हसला, सूर्य जागा झाला. समुद्रातून उडी मारून वर आला. दोन्ही डोळे उघडे.
सूर्य जागा झाला, त्यानं डोंगराची पाठ शेकली.
पाठ शेकली, डोंगरानं ढग सोडला.
ढग सुटला, ढग उठला. धोतर सावरत निघाला समुद्रावर, बहिणीकडे.
ढग उठला, वारा उठला. त्यानं आळस दिला. सगळं गवत एका बाजूला निजलं.
वारा उठला, त्यानं माड हलवला. इकडे. तिकडे. इकडे. तिकडे.
माड हलला, नारळ पडला.

ढप्प.

नारळ केवढा, टिचकी केवढी. ती उचलणार कशी? वाऱ्यानंच मागून ढकलला. गड गड गड गड. वाळूवरून, गवतावरून, रस्त्यावरून. पुढे नारळ. मागे वारा. वर टिचकी. थेट मेबलआजीच्या दारात.

ठक.

आजीनं दार उघडलं. नारळ आत घेतला. फोडला. खोबरं काढलं. किसणीवर किसलं. खस खस खस खस. परातीत पांढरा ढीग झाला. मऊ, भुरभुरीत. जणू ढग जाता जाता थोडा मागे विसरला.

मग आजीनं केकावरचं फडकं काढलं. आणि तिचा चेहरा उतरला.

केक कालचा झाला होता. वरून कोरडा. बोट दाबलं तर बोट आत जाईना. काल कसा होता? मऊ मऊ. आज? आज नाही.

शेजारचा विल्फ खिडकीतून डोकावला. विल्फला बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

"मेबल," तो म्हणाला, "ह्या विटा मला देतेस का? गोठ्याची भिंत पडलीय."

नवा केक भाजायला वेळ नव्हता. फाटकाशी पोरं जमायला लागली होती. एक जण फाटकावर चढलासुद्धा.

टिचकी खिडकीत बसली होती. तिनं केकाकडे बघितलं. तिनं घरट्याकडे बघितलं. पिल्लू कड धरून बसलं होतं. केक दिसायची वाट बघत होतं. एवढं सगळं झालं, डोंगर झाला, सूर्य झाला, आणि केकच शिळा. टिचकीची उभी शेपूट हळूहळू खाली गेली.

आजीनं ती शेपूट बघितली.

मग तिनं सुरी घेतली. एक कोपरा कापला. कालचा तर कालचा. रसाच्या पातेल्यावर धरला. आणि बुडवला.

बुडुक.

कुणी हललं नाही. विल्फसुद्धा गप्प.

आजीनं तुकडा वर काढला. तुकडा अख्खा. चारही बाजू अख्ख्या. काल भुस्स झाला होता, आज झाला नाही. आत मऊ, बाहेर घट्ट. रस प्यायला आणि नीट बसून राहिला, शहाण्या बाळासारखा. आजीनं तो किसात टाकला. लोळ इकडे. लोळ तिकडे. झाला पांढरा. विल्फनं तो दोन बोटांत धरला. बोटं बघितली. कोरडी. स्वच्छ. पुन्हा तुकडा बघितला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण तो तुकडा त्याचा नव्हता.

"काल मी घाई केली," मेबलआजी म्हणाली. "ह्याला एक दिवस थांबायचं होतं. विल्फ, तुझ्या विटा फार छान निघाल्या."

तिनं तुकडा त्याच्या हातातून घेऊन खिडकीत ठेवला. टिचकीपुढे. भोवती किसाचा छोटासा ढीग सांडला.

टिचकीची शेपूट उभी झाली.

आता ती तुकडा उचलून घरट्यात नेणार होती. चोच पुढे केलीसुद्धा. मग थांबली. ती तुकड्याच्या शेजारी बसली. आणि घरट्याकडे बघत राहिली.

पिल्लानं बघितलं. तिकडे आई. आईशेजारी केक.

"आई, तो माझा?"

"तुझा."

"आणून दे."

टिचकी तिथेच बसून राहिली. वारा आला आणि झुडपाला हळूच हलवून गेला.

पिल्लानं खाली बघितलं. डोळे मिटले. पुन्हा बघितलं. केक अजून तिथेच होता. एक पाय कडेवरून सुटला. मग दुसरा पाय सुटला.

फु.

फु फु.

फुर्र.

आणि टप्प. खिडकीत. थेट किसाच्या ढिगात. पोटावर.

पिल्लू उठलं. डोकं पांढरं. पंख पांढरे. पोट पांढरं. विल्फनं खिडकीत बघितलं आणि मेबलआजीला विचारलं की इथे एक तुकडा ठेवला होतास का दोन? तेवढ्यात त्यातला एक हलला. टुपुक टुपुक.

आता पोरं आत आली. लांब टेबल लागलं. एक जण केक कापतो. एक जण बुडवतो. एक जण लोळवतो. एक जण ताटात मांडतो. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या. मधे कुणी थांबलं की सगळे थांबतात, आणि हसतात. कुंपणावर कुकाबुरा बसलेला. त्याला आता कुणी हस म्हणत नाही. तो आपला आपण हसतो.

त्या केकाला तिकडे लॅमिंग्टन म्हणतात. तो पहिल्यांदा कसा झाला? कुणी म्हणतं असा, कुणी म्हणतं तसा. पाखरं म्हणतात, हा असा. पण तिथल्या आज्या अजून केक आज भाजतात आणि उद्या बुडवतात. फडकं टाकून ठेवतात. पोरांनी घाई केली तर म्हणतात, थांब जरा. त्याला थांबू दे.

आणि खिडकीत? खिडकीत पिल्लानं चोच लावली. वरून भुरभुर. मग गोड. मग मऊ. चोच चिकटली नाही. त्यानं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग थांबलं. कोपऱ्याचा सगळ्यात खरपूस तुकडा चोचीत धरला. टुपुक टुपुक आईजवळ गेलं. आणि तिच्या चोचीत ठेवला.

कालपासून टिचकीच्या पोटात काही नव्हतं.

तिनं तो खाल्ला. डोळे मिटून.

केक गेला पोटात,
कीस राहिला ओठात,
आणि गोष्ट गेली निजायला
टिचकीच्या घरट्यात.